भेटीची वेळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील एखाद्या गिरण्यांच्या गावी मुलाला घटसर्प किंवा स्कार्लेट ज्वर झाला, की गावाबाहेरच्या साथीच्या इस्पितळाची गाडी दारात येऊन उभी राही, मूल कांबळ्यात गुंडाळून नेले जाई आणि आईच्या हाती एक क्रमांक देण्यात येई. पुढचे चार-सहा आठवडे आईबापांचा आणि त्या मुलाचा जो काही संबंध उरे, तो या क्रमांकापुरता. संध्याकाळी गावचे वर्तमानपत्र निघे आणि त्याच्या एका कोपऱ्यात इस्पितळाचे निवेदन छापलेले असे. अत्यवस्थ कोण, गंभीर कोण, कुणाला उतार पडतो आहे, हे सारे नुसत्या आकड्यांत, नावाशिवाय. दिवसभर गिरणीत राबून आलेला बाप दिव्याखाली ते पत्र उलगडून प्रथम अत्यवस्थांच्या ओळीवरून बोट फिरवीत असेल, तिथे आपला आकडा नाही असे पाहून पुढच्या ओळीकडे वळत असेल, आणि आकडा ज्या ओळीत सापडेल त्यावर त्या घरातली ती रात्र कशी जाणार हे ठरत असेल.

आईबापांची काळजी ही इतिहासाने शोधून काढावी अशी वस्तू नव्हे. ती मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. परंतु ही काळजी ओळखण्याजोगी, नोंदण्याजोगी आणि जिच्यावर उपाय करणे हा इस्पितळाच्या कर्तव्याचाच भाग आहे अशी गोष्ट होय, ही जाणीव मात्र फार अर्वाचीन आहे. मुलांच्या इस्पितळांचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा, आणि त्या इतिहासातली पहिली दीडशे वर्षे आईबापांची चिंता दप्तरात शिरलीच तर ‘गैरसोय’ या सदराखाली शिरली. हा बदल कसा घडला, कोणी घडवला आणि कशामुळे एवढा काळ अडून राहिला, ही कथा मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे.

वस्तुतः आरंभी एका मनुष्याला हे सर्व स्पष्ट दिसले होते. जॉर्ज आर्मस्ट्राँग नावाच्या वैद्याने १७६९ मध्ये लंडन येथे गरिबांच्या लेकरांसाठी एक दवाखाना काढला आणि तो सुमारे बारा वर्षे चालवला. औषध द्यावे, आईला पथ्यपाणी समजावून सांगावे आणि मूल तिच्याबरोबर घरी पाठवावे, असा तिथला शिरस्ता. मुलांना ठेवून घेण्यासाठी खाटा का नाहीत, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर त्याच्या ग्रंथात नमूद आहे. आजारी मूल आईपासून किंवा दाईपासून तोडले तर त्याचे काळीज त्याच क्षणी फुटते, असा त्याचा आशय होता. त्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही मोजून पाहिली होती: प्रत्येक मुलाबरोबर आई ठेवायची तर वॉर्डात माणसांची दाटी होईल, हवा बिघडेल आणि बायकांची आपसांत व परिचारिकांशी कुरबूर चालेल. म्हणजे प्रश्नाच्या दोन्ही बाजू अठराव्या शतकातच मांडल्या गेल्या होत्या. पुढच्या काळाने त्यातली दाटीची बाजू लक्षात ठेवली आणि काळजाची बाजू विसरून टाकली.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील मोठ्या शहरांतून मुलांसाठी स्वतंत्र इस्पितळे उभी राहू लागली. पॅरिसचे १८०२ मधील इस्पितळ हे त्यांतले आद्य. लंडनमध्ये चार्ल्स वेस्ट या वैद्याच्या खटपटीने १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या हवेलीत दहा खाटांचे इस्पितळ उघडले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने त्यासाठी लेख लिहिले आणि १८५८ साली भाषण करून मोठा निधी जमवून दिला. या संस्थांनी असंख्य बालके वाचवली, हे विसरून त्यांच्यावर टीका करणे हे कृतघ्नपणाचे होईल. ज्या घरांत एका खोलीत सात माणसे झोपत, जिथे दूध नासके आणि पाणी दूषित, तिथून मूल उचलून स्वच्छ चादरीवर ठेवणे हाच अर्धा उपचार होता. परंतु याच विचारात पुढच्या कठोरपणाचे बीज होते. घर हे रोगाचे मूळ असे एकदा ठरले, की घरचे माणूसही त्या रोगाच्या बाजूला जाऊन बसते. मुलाला घाणीपासून वाचवायचे आणि आईपासूनही वाचवायचे, या दोन गोष्टींमधली सीमा हळूहळू पुसट होत गेली.

भेटीच्या मज्जावामागे जी कारणे सांगितली जात, त्यांत सर्वांत सबळ कारण संसर्गाचे. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात गोवर, डांग्या खोकला किंवा जुलाबाची साथ वॉर्डात शिरली, की मूळ आजारातून वाचलेली मुले या दुसऱ्या आजाराने जात. आणि बाहेरून येणारा प्रत्येक मनुष्य हा संशयित. दुसरे कारण शिस्तीचे: आईबाप खाऊ आणतात, पथ्य मोडतात, प्रश्न विचारून कामात व्यत्यय आणतात. तिसरे कारण मात्र या दोहोंहून निराळे होते, आणि मला वाटते, सर्वांत अधिक बळ त्यालाच होते. भेटीनंतर मुले रडतात, असा प्रत्येक सिस्टरचा अनुभव होता. आठवडाभर शांत असलेले मूल रविवारी आईला पाहताच टाहो फोडी, आणि ती गेल्यावर तासन् तास हुंदके देत राही. यावरून निष्कर्ष असा काढला गेला, की दुःखाचे कारण भेट हे होय. तेव्हा भेटी जितक्या कमी तितके मूल सुखी.

दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे झाल्यावर, १९४९ च्या सुमारास, लंडनच्या नामांकित इस्पितळांत जे नियम होते त्यांची यादी आज वाचली म्हणजे मन सुन्न होते. गायज इस्पितळात आईबापांना भेटीची मुभा रविवारी दोन ते चार. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेटच नाही. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात आपले मूल झोपलेले असताना त्याला पाहता येई. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालील मुलांना भेटता येत नसे, परंतु आडोशापलीकडून पाहायची परवानगी असे. वेस्ट लंडन इस्पितळात भेट नाहीच. हे नियम क्रूर माणसांनी केलेले नव्हते. त्यांतील अनेकांनी आपले आयुष्य मुलांच्या सेवेत झिजवले होते. झोपलेले मूल पाहून परत जाणाऱ्या आईच्या मनाची अवस्था काय होत असेल, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या तपशिलात बसत नव्हता, एवढेच.

या कोंडीला प्रथम ज्याने हात घातला तो वैद्य नव्हता. जेम्स रॉबर्टसन हा ग्लासगोनजीकच्या एका कष्टकरी कुटुंबातला मुलगा. युद्धकाळात मनोविश्लेषक ॲना फ्रॉईड यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बेघर झालेल्या मुलांसाठी बालगृह चालवले होते, तिथे हा तरुण बंब पेटवण्याचे आणि डागडुजीचे काम करी. त्या बालगृहाचा एक विलक्षण रिवाज असा, की मुलांविषयी जे दिसेल ते प्रत्येक कामगाराने चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मग तो शिक्षक असो, स्वयंपाकीण असो, की बंबवाला. निरीक्षणाचे शिक्षण रॉबर्टसनला असे मिळाले. १९४८ मध्ये तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या हाताखाली रुजू झाला आणि इस्पितळात ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करण्यासाठी मुलांच्या वॉर्डात जाऊन बसू लागला.

तिथल्या परिचारिका त्याला एक शब्द पुनःपुन्हा ऐकवीत. मूल ‘रुळले’ आहे. पहिले दोन-तीन दिवस आकांत करते, मग रुळते. रॉबर्टसन त्या रुळलेल्या मुलांकडे पाहत बसला, आणि त्याला जे दिसले ते एवढेच, की ही मुले सुखी नाहीत, ती थकली आहेत. आधी निषेध, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता, असा क्रम त्याने लावला. ज्या मुलाला वॉर्ड ‘शहाणे’ म्हणे, ते बहुधा दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर चालले होते. आईला पाहून फुटणारे रडू हे भेटीने उत्पन्न केलेले दुःख नव्हते. आठवडाभर आत कोंडलेले दुःख त्या क्षणी बाहेर येत होते. साऱ्या नियमांचा पाया ज्या निष्कर्षावर उभा होता, तो उलटा होता.

हे सांगून कुणाला पटेना, तेव्हा त्याने कॅमेरा घेतला. पूर्वी त्याने चलच्चित्राचा कॅमेरा हाती धरलेला नव्हता. लॉरा नावाची सुमारे अडीच वर्षांची मुलगी बेंबीच्या अंतर्गळाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहणार होती. तिचे रोज ठरावीक वेळी चित्रण करायचे असे ठरले, आणि हवे तेवढेच वेचून घेतले असा आक्षेप कुणी घेऊ नये म्हणून भिंतीवरचे घड्याळ चौकटीत दिसेल अशी व्यवस्था केली. लॉरा ही आकांत करणारी मुलगी नव्हती. ती आपल्या वयाच्या मानाने विलक्षण संयमी होती. आपले खेळण्यातले अस्वल आणि आपले कांबळे उराशी धरून ती राही, आई कुठे आहे असे मधूनच हलक्या आवाजात विचारी, आणि रडू आले तर ते आवरण्याचा प्रयत्न करी. दिवस जातात तशी ती आईकडे पाहण्याचेच टाळू लागते. आठव्या दिवशी घरी जायला निघते तेव्हा आपल्या साऱ्या वस्तू ती नीट गोळा करून घेते. मात्र आईने पुढे केलेला हात धरत नाही. काही महिन्यांनी ते चित्र योगायोगाने तिच्या दृष्टीस पडले, तेव्हा तू इतका वेळ होतीस कुठे, असे तिने आईलाच विचारले आणि वडिलांकडे वळली.

नोव्हेंबर १९५२ मध्ये ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हे चित्र लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवण्यात आले. सभा खवळली. ही मुलगी अपवादात्मक आहे, असे काहींनी म्हटले. तिला दुःख झालेले दिसतच नाही, असे दुसऱ्यांनी म्हटले. आणि एका व्यवसायाची ही बदनामी आहे असा सूर निघाला. त्या सभेत डर्मॉड मॅकार्थी नावाचे एक बालवैद्य होते. तेही संतापले. परंतु ते ॲमरशॅमच्या आपल्या वॉर्डात परतले आणि त्यांना तिथल्या खाटांवर जागोजाग लॉरा दिसू लागली. आपला राग आणि त्यानंतरचे डोळे उघडणे, या दोन्हींची कबुली त्यांनी पुढे मोकळेपणी दिली. त्यांच्या वॉर्डची प्रमुख सिस्टर आयव्ही मॉरिस हिच्या साहाय्याने त्यांनी आयांना मुलांजवळ राहण्याची सोय केली, आणि रॉबर्टसनचे १९५८ चे दुसरे चित्र त्याच वॉर्डात घेतले गेले. स्वतःच्या रागामागे काय आहे ते शोधायला परत जाणारा हा मनुष्य या इतिहासात मला फार मोठा वाटतो.

आईला आत घेऊनही इस्पितळ चालते, हे याआधीच दोन ठिकाणी सिद्ध झाले होते. इंग्लंडात न्यूकॅसलचे जेम्स स्पेन्स हे १९२० च्या दशकापासूनच तान्ह्या बाळांबरोबर त्यांच्या आयांना इस्पितळात ठेवून घेत. न्यूझीलंडात हेन्री आणि सेसिली पिकरिल हे शल्यवैद्य दांपत्य दुभंगलेल्या ओठांची बालके सुधारण्याचे काम करी. वॉर्डातील संसर्गाने त्यांच्या शस्त्रक्रिया वाया जात. १९४२ पासून त्यांनी वेलिंग्टनजवळच्या आपल्या बॅसम इस्पितळात प्रत्येक बाळाची शुश्रूषा त्याच्या आईकडेच सोपवली, कारण एका बाळाला एकाच माणसाचे हात लागले तर एकाचा रोग दुसऱ्याला जात नाही. संसर्ग खरोखरच आटोक्यात आला. ज्या कारणासाठी शंभर वर्षे आईला दाराबाहेर ठेवले, त्याच कारणासाठी तिला आत घेणे हा उपाय ठरला, ही गोष्ट तेव्हाच सर्वत्र पसरायला हवी होती.

ब्रिटिश सरकारने १९५६ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्लॅट हे अस्थिशल्यवैद्य. बालपणी गुडघ्याच्या क्षयाने ते स्वतः दीर्घकाळ आजारी होते. आईबापांच्या भेटीवर निर्बंध नसावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांबरोबर आईला राहता यावे, अशा शिफारशी त्यांनी केल्या. परंतु शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. अनेक इस्पितळांनी अहवाल फायलीत ठेवून दिला. मग रॉबर्टसनने १९६१ मध्ये वर्तमानपत्रातून आणि दूरचित्रवाणीवरून आईबापांनाच साद घातली; लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आया एकत्र आल्या, त्यांची संघटना उभी राहिली आणि वॉर्डांच्या दारांवर जाऊन नियम विचारण्याचे काम त्यांनी चिकाटीने चालवले. दारे उघडली ती अहवालापेक्षा या बायांच्या फेऱ्यांनी.

इथे आपल्याकडची एक आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अंमल सुरू झाला, तेव्हा सुमारे हजार गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील एका जुलाहा विणकराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्लेगच्या तपासणीसाठी ताब्यात घेण्याचा प्रयत्न झाला, बापाने नकार दिला, आणि पाहता पाहता शहरात दंगल पेटली. सरकारी कैफियतींत या घटना ‘दंगा’ आणि ‘अडाणी लोकांचा विरोध’ अशा नोंदल्या गेल्या. त्या विरोधात परकीय सत्तेविषयीचा संताप होता, धर्माचाराची आणि अब्रूची भीती होती. परंतु त्याच्या गाभ्याशी, परक्या माणसांच्या हाती गेलेले आपले लेकरू पुन्हा दिसेल की नाही ही विवंचना होती, हे लिहिणाऱ्यांना सुचले नाही. निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली, पुण्यास टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल उघडले; जिथे आपली माणसे जवळ असत, तिथे रोगी जायला तयार होत. चिंतेची दखल घेतली की विरोध निवळतो, याचा पुरावा आपल्या भूमीत रॉबर्टसनच्या पन्नास वर्षे आधी पडून होता.

आता कथेचा दुसरा धागा. रॉबर्टसनने चित्र दाखवले त्याच वर्षी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ चालू होती. ब्लेगडॅम इस्पितळात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. अतिदक्षता विभागाचा जन्म तो हा. १९५५ मध्ये स्वीडनच्या गोटेबोर्ग येथे योरान हागलुंड यांनी केवळ बालकांसाठी असा विभाग उघडला. १९६७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात जॉन डाउन्स यांनी.

म्हणजे एकाच वर्षी दोन विद्या जन्मल्या: एक, मुलाचा श्वास कसा चालू ठेवावा ही; दुसरी, त्याचे आणि त्याच्या आईचे मन कसे वाचावे ही. परंतु त्या एकमेकींना भेटल्या फार उशिरा. सामान्य वॉर्डांची दारे उघडत होती तेव्हाच अतिदक्षता विभागाची दारे नव्याने बंद होत होती, आणि सबबी पुन्हा त्याच होत्या: संसर्ग, गर्दी, कामात व्यत्यय, आईबापांना पाहवणार नाही.

आईबापांना काय पाहवत नाही, हे त्यांनाच विचारावे, असे प्रथम सुचले ते परिचारिकांना. १९७० मध्ये स्पीलबर्गर या मानसशास्त्रज्ञाने स्वभावात मुरलेली चिंता आणि प्रसंगाने उसळलेली चिंता या दोन्ही निरनिराळ्या मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. तिचा उपयोग हा, की ‘ही बाई मुळातच घाबरट’ हा सोपा शेरा मारता येईनासा झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी मार्गारेट माइल्स आणि मेल्बा कार्टर या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासिकांनी बालकांच्या अतिदक्षता विभागात बसणाऱ्या आईबापांसाठीच एक मोजपट्टी तयार केली. यंत्रांचे आवाज, टोचाटोची, मुलाचे बदललेले रूप, डॉक्टर आणि परिचारिकांचे बोलणे-वागणे, मुलाचे वर्तन, असे तिचे विभाग; आणि एक विभाग होता आईबापपण हातातून निसटण्याचा. ही मोजपट्टी वापरून पुढे झालेल्या अनेक अभ्यासांत सर्वाधिक ताण ज्या गोष्टींचा आढळला, त्यांत हा शेवटचा विभाग सतत वर राहिला. मॉनिटरची भीती माणसाला काही दिवसांत सवयीची होते. आपल्या मुलाला उचलता येत नाही, भरवता येत नाही, त्याचे दुखणे आपण थांबवू शकत नाही, ही गोष्ट सवयीची होत नाही.

आपल्याकडे आईला वॉर्डाबाहेर काढण्याचा रिवाज कधी रुजला नाही. सरकारी इस्पितळात मुलाच्या खाटेवर, नाहीतर खाटेखाली चटई टाकून, आई असतेच. परिचारिकांची संख्या इतकी अपुरी, की ती नसेल तर मुलाला पाणी पाजायला कोण, हाच प्रश्न. त्यामुळे आपण हा प्रश्न सोडवलेलाच आहे अशी एक समजूत आपल्याला सुखावते. परंतु हजर असणे वेगळे आणि दखल घेतली जाणे वेगळे. शिवाय अतिदक्षता विभागाचे दार आपल्याकडेही बंदच असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या आप्तांतील एक चार वर्षांचा मुलगा मेंदूज्वराने अत्यवस्थ होता, आणि त्या निमित्ताने मी एका मोठ्या रुग्णालयाच्या बालक-अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर अकरा रात्री काढल्या. बाप दर फेरीला डॉक्टरांना तोच प्रश्न विचारी, उत्तर ऐकी, मान हलवी, आणि दहा मिनिटांनी मला विचारी, “काय म्हणाले हो डॉक्टर?” सही केलेल्या संमतिपत्रात काय लिहिले होते हे त्याला आठवत नसे. दोनदा तो वॉर्डबॉयवर ओरडला. तिथे सर्वांचे एकमत झाले होते, की वडिलांचा फार त्रास आहे, आई मात्र अगदी शांत. ती खरोखरच काही विचारीत नसे, रडत नसे. तिच्या पिशवीत मुलाची स्टीलची वाटी आणि चमचा होता. मुलाला नाकातल्या नळीतून अन्न जात होते. वाटीचा काही उपयोग नव्हता. तरी रोज सकाळी ती उठून बेसिनपाशी जाई, ती स्वच्छ वाटी साबणाने घासी, धुई, पदराने पुशी, आणि पुन्हा पिशवीत ठेवी. सातव्या सकाळी मी तिला एकाच वाटीला तीन वेळा साबण लावताना पाहिले.

त्या रात्री पाळीवर एक वयस्क सिस्टर होती. तिनेही बहुधा ते पाहिले असावे. साडेदहाच्या सुमारास ती दारात आली आणि म्हणाली, “ताई, जरा आत या. ओठ सुकलेत त्याचे. एवढे ओले करा बघू.” आणि पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा तिने तिच्या हातात दिला. काचेच्या चौकोनातून मला दिसत होते. आईचा हात इतका थरथरत होता, की पहिल्यांदा पाणी गालावर ओघळले. सिस्टरने बोळा परत घेतला नाही. ती बाजूला उभी राहिली. मग त्या बाईने मुलाचे ओठ ओले केले, कोपरे टिपले, कपाळावरचे केस मागे सारले. बाहेर आल्यावर सात दिवसांत पहिल्यांदाच ती रडली, पुष्कळ वेळ रडली, आणि मग तिने आमच्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ओठ ओले करण्याचे काम तिचे झाले. बापाला सिस्टरने मुलाचे तळवे चोळायला सांगितले, आणि त्याचे ओरडणे थांबले.

त्या सिस्टरने माइल्स आणि कार्टरची मोजपट्टी पाहिली होती की नाही, मला ठाऊक नाही. तिने वाटी पाहिली होती. रॉबर्टसनने वॉर्डात बसून रुळलेल्या मुलांविषयी जे ओळखले, ते तिने एका ‘अगदी शांत’ आईविषयी ओळखले.

वाचकांपैकी कुणाला कधी अशा दाराबाहेर कुणाच्या तरी सोबतीला बसावे लागेल. तिथे कुणी आई किंवा बाप गप्प बसलेले दिसले, तर ते सावरले आहेत असे समजू नका, आणि कुणी आरडाओरडा करीत असेल तर त्याला भांडखोर म्हणू नका. दोघांनाही जेवलात का म्हणून विचारा. आणि आत जाणाऱ्या सिस्टरला हळूच विचारा, की त्या मुलासाठी करता येईल असे एखादे लहानसे काम यांच्या हाती देता येईल का.